लंडनचे गुलछबू

लंडनच्या पॅल मॅल रस्त्यावर विल्यम ऑलमॅक नावाच्या माणसाने १७६४ मध्ये एक क्लब काढला. रात्री तिथे फासे आणि पत्ते पडायचे. टेबलावर एका वेळी १० हजार पौंड रोख असले तरी कुणी भुवई उंचावत नसे. खेळायला बसण्याआधी मात्र एक विधी ठरलेला. अंगातला जरीकामाचा कोट उतरवायचा आणि भरड लोकरीचा कोट चढवायचा; नाहीतर आपलाच कोट उलटा करून घालायचा, कारण उलट्या कोटाने नशीब सुलटते अशी समजूत. बाह्यांची लेस टेबलाच्या कडेला घासून फाटू नये म्हणून मनगटांना चामड्याच्या पट्ट्या बांधायच्या, घरचे नोकर चाकूसुऱ्या घासताना बांधायचे तशा. डोक्यावर रुंद काठाची उंच गवती टोपी, तिला फुले आणि रिबिनी. दिव्याचा उजेड डोळ्यांवर येऊ नये आणि दोन तास खपून रचलेले केस विसकटू नयेत, यासाठी हा खटाटोप. काही डावांत चेहऱ्यावरचे भाव प्रतिस्पर्ध्याला दिसू नयेत म्हणून मुखवटेही घालत.

होरेस वॉलपोल हा पत्रे लिहिण्यात हयात घालवलेला उमराव. त्याने १७६४ च्या फेब्रुवारीत एका पत्रात या मंडळींचा उल्लेख ‘मॅकरोनी क्लब’ असा केला. त्याच्या सांगण्याप्रमाणे परदेश फिरून आलेले, लांब कुरळे केस ठेवणारे आणि हातात छोटी दुर्बीण बाळगणारे सगळे तरुण त्यात होते. पाटी लावलेला, वर्गणी घेणारा असा या नावाचा क्लब खरोखर होता की वॉलपोलने एका टोळक्याला गमतीने दिलेले ते नाव होते, यावर अभ्यासकांत वाद आहे. मला दुसरी शक्यता जास्त पटते. नाव मात्र चिकटले.

त्याचे मूळ खाण्यात आहे. १७६३ मध्ये सात वर्षांचे युद्ध संपले, फ्रान्सचा रस्ता मोकळा झाला आणि इंग्लंडमधल्या श्रीमंत घरांतली मुले पुन्हा ‘ग्रँड टूर’ला निघाली. पॅरिस, फ्लॉरेन्स, रोम, नेपल्स; सोबत एक शिक्षक, खिशात बापाची हुंडी. वर्षा-दोन वर्षांनी पोरगा परत यायचा तो पुतळे, चित्रे, थोडीफार फ्रेंच, एखादा रोग आणि खाण्याची नवी आवड घेऊन. भाजलेल्या गोमांसावर पोसलेल्या इंग्लंडात हे लोक इटालियन मॅकरोनी मागवू लागले. खुद्द इटलीत या शब्दाला ठोंब्या, मूर्ख असा अर्थ आधीपासून होता. सोळाव्या शतकात तेओफिलो फोलेंगोने लॅटिन आणि इटालियनची खिचडी करून लिहिलेल्या विनोदी काव्यालाही ‘मॅकरोनी’ म्हणत. लंडनच्या तरुणांना त्याचे सोयरसुतक नव्हते. त्यांच्या तोंडी ते कौतुकाचे विशेषण होते. कोट असो, घोडा असो, नाटक असो. आवडले की ‘एकदम मॅकरोनी’.

पोशाख कसा होता? त्या काळचा साधा इंग्रज गृहस्थ ढगळ, लांब, गडद रंगाच्या लोकरी कोटात वावरायचा. मॅकरोनीचा कोट अंगाला घट्ट, मागे कापलेला, बाह्या इतक्या अरुंद की हात वाकवताना विचार करावा. रंग पिस्ता, गुलाबी, फिकट निळा. जाकीट आखूड, विजार तंग, मोज्यांवर पट्टे, बुटांवर हिऱ्यांचे किंवा हिऱ्यांसारख्या काचांचे बक्कल, टाचा लाल. दोन घड्याळांच्या दोन साखळ्या, छातीशी फुलांचा भलामोठा गुच्छ, हातात गोंड्याची काठी. केस पुढून उंच रचलेले आणि मागे जाडजूड अंबाड्यासारखे बांधलेले. या डोंगरावर टोपी मात्र तळहाताएवढी. ती काढायची तर तलवारीच्या टोकाने काढावी लागते, असा विनोद चित्रकारांनी इतका वापरला की लोकांना तो खराच वाटू लागला.

हे सगळे हसण्यावारी नेता आले असते. पण कापड ही त्या काळी पोटापाण्याची गोष्ट होती. लंडनच्या पूर्वेला स्पिटलफील्ड्समध्ये रेशमी कापड विणणाऱ्यांची हजारो घरे होती. युद्ध संपल्यावर फ्रेंच रेशीम पुन्हा येऊ लागले आणि माग थंड पडले. १७६५ च्या मे महिन्यात विणकरांचा जमाव ड्यूक ऑफ बेडफर्डच्या वाड्यावर चालून गेला, कारण परदेशी रेशमावर भारी कर बसवण्याचे विधेयक त्याने हाणून पाडले होते. दुसऱ्याच वर्षी, १७६६ मध्ये, परदेशी रेशमी कापडाच्या आयातीवर पूर्ण बंदी आली. (बंगालचे रेशीम आणि हिंदुस्थानचे छापील सुती कापड इंग्लंडात वापरू नये असे कायदे त्याच विणकरांच्या दबावाखाली १७०० आणि १७२१ मध्येच झाले होते. पुढे आपल्याकडच्या मागांचे काय झाले ते आपण जाणतोच.) त्यामुळे अंगात फ्रान्समधल्या ल्योंचे मखमल घालून मिरवणारा तरुण नुसता छानछोकी उरला नाही. तो चोरटा माल घालून हिंडत होता, आणि उपाशी विणकराच्या डोळ्यांदेखत.

टोपकऱ्यांची गोष्ट मात्र वेगळ्या तऱ्हेने गेली. टोपकरी म्हणजे कृत्रिम केसांचे टोप बनवणारे. तरुण मंडळी आता स्वतःचेच केस वाढवून, तेच रचून, त्यांवर पावडर मारून घेऊ लागली होती, धंदा बसला. १७६५ च्या फेब्रुवारीत टोपकऱ्यांनी मिरवणुकीने जाऊन राजा तिसऱ्या जॉर्जला अर्ज दिला की लोकांना टोप घालायला लावा. रस्त्यावरच्या गर्दीच्या लक्षात आले की अर्ज देणाऱ्यांतल्या बहुतेकांच्या डोक्यावर टोप नाही, स्वतःचेच केस आहेत. लोकांनी कात्र्या आणल्या आणि तिथल्या तिथे त्यांचे केस कापले. वॉलपोलने यावर लिहिले की आता सुतारांनीही अर्ज करावा, युद्ध थांबल्यामुळे लाकडी पायांना गिऱ्हाईक उरलेले नाही म्हणून.

या टोळक्यातला सगळ्यांत गाजलेला इसम म्हणजे चार्ल्स जेम्स फॉक्स. बाप लॉर्ड हॉलंड. सरकारी तिजोरीवर हात मारून गब्बर झालेला आणि मुलाला कशालाही नाही न म्हणणारा. १४ वर्षांच्या चार्ल्सला त्याने ईटनच्या शाळेतून काढून पॅरिसला नेले आणि जुगार खेळायला पैसे दिले. पोर ईटनला परतले ते मखमली कपड्यांत. हेडमास्तरांनी त्याला फटके दिले. पुढे फॉक्स लाल टाचांचे बूट आणि केसांवर निळी पावडर घालून लंडनभर फिरायचा. चांगली जाकिटे घ्यायला तो मित्रासोबत पॅरिसहून ल्योंला गेला आणि वाटभर दुसरा विषयच नव्हता, अशी कथा आहे. १७६८ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, तो पार्लमेंटात बसला.

१७७२ च्या फेब्रुवारीतले त्याचे चार दिवस वॉलपोलने नोंदवून ठेवले आहेत. मंगळवारी संध्याकाळी फॉक्स ऑलमॅककडे खेळायला बसला तो बुधवारी संध्याकाळी पाचला उठला. तासाभरापूर्वी त्याने गेलेले १२ हजार पौंड परत मिळवले होते. उठला तेव्हा ११ हजार हरला होता. गुरुवारी तो पार्लमेंटात धर्मविषयक ठरावावर बोलला, रात्री अकरानंतर जेवला, मग दुसऱ्या क्लबात सकाळी सातपर्यंत प्याला, तिथून पुन्हा ऑलमॅककडे गेला, सहा हजार जिंकला आणि दुपारी घोड्यांच्या शर्यतींना न्यूमार्केटला रवाना झाला. दोन वर्षांत बापाला त्याचे लाखाहून अधिक पौंडांचे देणे फेडावे लागले. हाच माणूस पुढे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या बाजूने बोलला, गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढला आणि १७८३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार पार्लमेंटच्या हाती घेण्याचे विधेयक त्याने आणले. ते लॉर्डांच्या सभेत पडले आणि त्याबरोबर त्याचे सरकारही. तोवर तो निळ्या-पिवळसर रंगाचा मळका कोट घालू लागला होता. नेसण्याची हौस त्याने राजकारणासाठी सोडली की जुगारात पैसेच उरले नाहीत म्हणून, कोण सांगणार!

१७७० पर्यंत ‘मॅकरोनी’ हे मूठभर धनिकपुत्रांचे नाव होते. ते रस्त्यावर आणले एका दुकानाने. स्ट्रँडवरच्या ३९ क्रमांकाच्या जागेत मॅथ्यू डार्ली आणि त्याची बायको मेरी चित्रे छापून विकत. मेरी स्वतः चांगली कोरणारी होती. व्यंगचित्र कसे काढावे यावरचे छोटे पुस्तक तिने त्याआधीच, १७६२ च्या सुमारास काढले होते. १७७१ ते १७७३ या काळात या जोडप्याने मॅकरोनींच्या व्यंगचित्रांचे संचामागून संच काढले, प्रत्येक संचात २४ चित्रे. एका चित्रात एकच माणूस, बहुधा एका बाजूने दाखवलेला, खाली दोन-तीन शब्दांचे नाव. हौशी लोकांनी आपली रेखाटने पाठवावीत, आम्ही ती कोरून छापू, असे आमंत्रणही असे. शेजाऱ्याचा काटा काढायला याहून सोयीचे काय? १७७२ मध्ये एडवर्ड टॉपमने या दुकानाचेच चित्र काढले. खिडकीच्या तावदानांत चित्रे लावलेली, बाहेर बघ्यांची गर्दी, आणि बघे खिडकीतल्या चित्रांइतकेच वेडेविद्रे. दुकानाला लोक ‘मॅकरोनी प्रिंट शॉप’च म्हणू लागले.

आणि मग जो तो मॅकरोनी ठरू लागला. पाद्री मॅकरोनी, शिपाई मॅकरोनी, शर्यतीचा मॅकरोनी, वीटकाम करणारा गवंडी मॅकरोनी. कॅप्टन कुकबरोबर पृथ्वीप्रदक्षिणा करून आलेला जोसेफ बँक्स दोन गोलांवर दोन पाय ठेवून फुलपाखरामागे लागलेला दाखवला: ‘माशा पकडणारा मॅकरोनी’. त्याचा सहकारी, स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ डॅनियल सोलँडर, हाही सुटला नाही. लघुचित्रे काढणारा रिचर्ड कॉसवे बुटका आणि नटवा, तो तर आयताच सापडला. बँक्सने तीन वर्षे समुद्रावर काढली होती, हजारो वनस्पती आणल्या होत्या; त्याच्या कपड्यांचा या कशाशी संबंध नव्हता. पण शब्द एकदा लोकांच्या हाती गेला की तो कपड्यांपुरता राहत नाही. ज्याला बोलायचे त्याच्या नावापुढे ‘मॅकरोनी’ लावले की काम झाले.

१७७४ च्या एका चित्रात खेडवळ शेतकरी बाप शहरातून आलेल्या पोराच्या केसांच्या मनोऱ्याकडे आ वासून बघतो आहे आणि हातातल्या काठीने त्याला ढोसतो आहे. हा आपला टॉमच ना, असा त्याचा प्रश्न. माझ्या मते या सगळ्या थट्टेची मेख इथे आहे. लॉर्डाच्या मुलाने निळी पावडर लावली तर ती त्याची लहर. शेतकऱ्याच्या, दुकानदाराच्या, वकिलाच्या कारकुनाच्या मुलाने लावली तर कोण लॉर्ड आणि कोण टॉम हे ओळखायचे कसे? काचेचे हिरे स्वस्त झाले होते. जुन्या कपड्यांच्या बाजारात उमरावांचे उतरवलेले कोट मिळत होते. थट्टेचा शब्द हे काम चोख करतो. त्याला कायदा लागत नाही.

दुसरे टोचणे पुरुषपणाचे. १७७० मध्ये ‘ऑक्सफर्ड मॅगझिन’ने लिहिले की हा एक नवाच प्राणी निघाला आहे, ना नर ना मादी, बोलतो पण अर्थ नाही, खातो पण भूक नाही. १७७२ मध्ये एका लष्करी कप्तानावर लैंगिक गुन्ह्याचा खटला चालला, त्याला फाशी सुनावली आणि मग राजाने हद्दपारीवर सोडले, तेव्हा वर्तमानपत्रांनी सरसकट सगळ्या मॅकरोनींना त्याच्या ओळीत बसवले. नटणारा तो बायकी, बायकी तो भित्रा, भित्रा तो देशाला घातक, अशी ही उतरंड. त्याच सुमारास आपल्याकडे ऐटबाज, देखण्या आणि लढाईत पुढे घुसणाऱ्या माणसाला ‘फाकडा’ म्हणत. १७७९ च्या जानेवारीत कार्ल्याजवळ पडलेल्या कॅप्टन स्टुअर्टला मराठ्यांनी शत्रू असूनही ‘इष्टुर फाकडा’ म्हटले. नटणे आणि शौर्य एकाच माणसात नांदते यात पुण्याला काही विपरीत वाटले नाही. लंडनला वाटत होते.

या समजुतीला सगळ्यात मोठा तमाशा मिळाला तो व्हॉक्सहॉल बागेत. २३ जुलै १७७३ च्या संध्याकाळी हेन्री बेट नावाचा पाद्री अभिनेत्री मिसेस हार्टलीला घेऊन तिथे बसला होता. बाई अत्यंत रूपवान. चार-पाच छैलछबिले समोर येऊन तिच्याकडे टक लावून बघू लागले. त्यांत कॅप्टन क्रॉफ्ट्स होता, लॉर्ड लिटलटन होता आणि जॉर्ज रॉबर्ट फिट्झजेराल्ड होता. बेटने उठून तिच्या आणि त्यांच्या मध्ये जागा घेतली आणि त्यांची खरडपट्टी काढली. दुसऱ्या दिवशी कॅप्टनशी कसेबसे मिटले. तेवढ्यात फिट्झजेराल्ड ‘कॅप्टन माइल्स’ नावाच्या एका मित्राला घेऊन हजर. तुम्ही माझ्या मित्राचा अपमान केलात, आता त्याच्याशी मुष्टियुद्ध करा. बेट अंगापिंडाने आडवा. त्याने पंधरा मिनिटांत ‘कॅप्टन’ला ओळखू येईना असा केला. मग कळले की माइल्स हा कॅप्टन वगैरे कुणी नसून फिट्झजेराल्डचा नोकर आहे, कपडे बदलून उभा केलेला. मुठी चालवण्यात तरबेज म्हणून त्याला निवडले होते. लंडन आठवडे-आठवडे हेच चघळत होते. मॅकरोनींचा पराभव झाला अशा नावाची पुस्तिकाही निघाली. पाद्रीबुवा पुढे ‘मॉर्निंग पोस्ट’चे संपादक झाले, आणि भांडखोरपणाबद्दलच गाजले. राहिला फिट्झजेराल्ड. कपड्यांवर भित्रेपणाचा शिक्का मारणाऱ्यांची त्याने चांगलीच अडचण केली: हा माणूस आयर्लंडभर द्वंद्वयुद्धांसाठी कुप्रसिद्ध होता आणि १७८६ मध्ये खुनाबद्दल फासावर गेला.

डार्लीच्या मालिकेतले एक चित्र मला या सगळ्यांहून वेगळे वाटते. तारीख १० सप्टेंबर १७७२, नाव ‘मुंगो मॅकरोनी’. ‘मुंगो’ हे १७६८ च्या एका संगीत नाटकातल्या काळ्या नोकराचे नाव. त्यावरून काळ्या माणसाला हिणवायला ते वापरत. चित्रातला तरुण आहे ज्युलियस सुबीझ. वेस्ट इंडीजमधल्या सेंट किट्स बेटावर गुलाम आईच्या पोटी तो जन्मला. १० वर्षांचा असताना एका कप्तानाने त्याला इंग्लंडला आणले आणि डचेस ऑफ क्वीन्सबरीला भेट म्हणून दिले. मुले गमावलेल्या म्हातारीने त्याला पोटच्या पोरासारखे वाढवले. त्या काळचा नामांकित तलवारबाज डोमेनिको अँजेलो याच्याकडे त्याला तलवार आणि घोडेस्वारी शिकायला घातले आणि तो तिथे दुसऱ्यांना शिकवूही लागला. पावडर, अत्तर, फुलांचा गुच्छ, लाल टाचा, स्वतःची बग्गी. नाटकगृहात त्याच्या येण्याआधी अत्तर येते असे लोक म्हणत. पैसे डचेसचे. लॉर्डांची मुलेही बापाच्याच पैशांवर नटत होती, हे कुणी ध्यानात घेतले नाही.

सुबीझला सद्‌वर्तनाचा उपदेश करणारा एक माणूस होता: इग्नेशियस सँचो, गुलामांच्या जहाजावर जन्मलेला आणि पुढे वेस्टमिन्स्टरमध्ये किराणा दुकान चालवणारा. त्याची पत्रे १७८२ मध्ये छापली गेली, त्यांत सुबीझला लिहिलेली पत्रेही आहेत. तू आणि मी ज्या रंगाचे आहोत त्या रंगाच्या माणसाला असे दैव क्वचित लाभते, ते उधळू नकोस, असा त्यांचा सूर. पोराने ऐकले नाही. घरातल्या एका दासीवर त्याने अत्याचार केल्याचा आरोप झाला असे सांगतात. १५ जुलै १७७७ ला त्याला हिंदुस्थानच्या जहाजावर बसवून देण्यात आले. दोनच दिवसांनी डचेस वारली.

कलकत्त्यात सुबीझने तलवारबाजी आणि घोडेस्वारीची शाळा काढली. कंपनीच्या गोऱ्या अंमलदारांना घोड्यावर नीट बसायला शिकवणारा हा सेंट किट्सच्या गुलाम बाईचा मुलगा. १७९८ च्या ऑगस्टमध्ये एक बेलगाम घोडा वठणीवर आणताना तो पडला आणि त्यातच गेला.

तोवर लंडनमध्ये मॅकरोनी संपले होते. १७७५ ला अमेरिकेचे युद्ध सुरू झाले. इंग्रज शिपाई वसाहतींतल्या गावंढळांची टर उडवायला ‘यांकी डूडल’ गात, त्यात टोपीत पीस खोवून स्वतःला मॅकरोनी समजणारा खेडवळ होता. अमेरिकनांनी तेच गाणे उचलले आणि आपले करून टाकले. कनेटिकट राज्याने १९७८ मध्ये त्याला राज्यगीत केले. १७८९ च्या राज्यक्रांतीनंतर फ्रान्समध्ये रेशीम आणि लाल टाचा जिवावर बेतू लागल्या. १७९५ मध्ये पंतप्रधान पिटच्या सरकारने केसांच्या पावडरीवर माणशी वर्षाला एक गिनी कर बसवला आणि पुरुषांनी डोक्यावरची पावडर झटकून टाकली. पुढच्या पिढीत ब्रमेल नावाच्या लंडनच्या छैलाने काळा-निळा कोट आणि पांढरा गळपट्टा आणला; आज ऑफिसात, लग्नात जो सूट घालतात त्याचे मूळ तिथे आहे. दक्षिण समुद्रातल्या एका पेंग्विनच्या डोक्यावर पिवळे तुरे असतात, म्हणून इंग्रज खलाशांनी त्याला मॅकरोनी पेंग्विन म्हटले. ते नाव अजून चालू आहे.

डार्ली जोडप्याची ही चित्रे ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत आणि म्युझियमच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट पाहता येतात. सवड काढून पाहा. टोपी-केस पाहून हसू येईलच. त्यानंतर खालची नावे वाचा आणि कुणाच्या वाट्याला लहर आली, कुणाच्या वाट्याला टिंगल, ते तपासा.